गोदीतली आग पोरांना कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटा फोटो येतो, भायखळ्याला फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात स्मारकासमोर जवान सलामी देतायत आणि खाली दोन ओळी. मागच्या वेळचं कात्रण मी ठेवून दिलं होतं, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात बाकांवरून फिरवलं आणि विचारलं, सांगा बरं हे कशाबद्दल आहे. एक जण म्हणाला २६/११, एक मुलगी म्हणाली बॉर्डरवरचे शहीद, बाकी सगळे गप्प. आमची शाळा परळची, म्हणजे गोदीपासून सहा-सात किलोमीटर, वर्गातल्या तिघांचे तरी आजोबा गोदीत कामाला होते हे मला माहिती आहे, आणि तरी १४ एप्रिल १९४४ ला ह्या शहरात काय झालं ते एकालाही सांगता आलं नाही. पोरांची चूक नाहीच ह्यात, कोणी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कुठून. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध चालू होतं, फोर्ट स्टिकिन नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. जहाजावर साधारण १४०० टन दारूगोळा, विमानं, सोन्याच्या १२४ विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८७०० गासड्या, तेलाचे पिंप, लाकूड, गंधक, राळ, माशांचं खत, म्हणजे पेटणारं आणि उडणारं सगळं एकाच ठिकाणी. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर दिसला. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातला मालाचा कप्पा, आणि ह्या कप्प्यात खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं होती. दोन तास पाणी मारलं तरी आग हाती लागेना, ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं आणि ४:३४ ला पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठा स्फोट झाला. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटता कापूस मांडवी, मशीद बंदरच्या बाजूला पावसासारखा पडला, गोदामं पेटली, धान्य पेटलं, चाळी पेटल्या, आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले, सगळे मिळून मृतांचा सरकारी आकडा सातशेच्या वर आणि खरा त्याहून बराच जास्त असं मानतात, ८० हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो ह्याच दिवसाची आठवण म्हणून.

आता मला हे सुचलं कुठून ते सांगते. माझी भाची इंग्लंडमध्ये राहते, तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्या शाळेत १६६६ ची लंडनची आग शिकवतात, तिकडे बहुतेक शाळांत इतक्या लहान वयातच शिकवतात. पोरं पुठ्ठ्याची घरं करतात, ओळीने चिकटवून मांडतात आणि शेवटी शाळेच्या मैदानात मोठ्यांच्या देखरेखीखाली ती पेटवून बघतात की एका घरावरून दुसऱ्या घरावर आग कशी जाते. तो मला व्हिडिओ कॉलवर तावातावाने सांगत होता, मावशीआजी, बेकरीत सुरू झाली, पुडिंग लेनमध्ये, घरं लाकडाची होती आणि वारा होता म्हणून! सहा वर्षांच्या पोराला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आगीचं कारण पाठ, नुसतं पाठ नाही तर त्याने ते डोळ्यांनी बघितलेलं. मला फार कौतुक वाटलं आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचलं पण, कारण माझ्या पोरांच्या आजोबांच्या हयातीतली आग आणि त्यांना ती ठाऊक नाही.

एक सांगते, पुठ्ठ्याची घरं पेटवायचा प्रकार आपल्याकडे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्या शाळांना मैदानं नाहीत आणि वर्गात साठ-साठ पोरं. पण पेटवायची गरजही नाही. आपली पोरं दिवाळीत किल्ला करतातच ना? माती कालवून, गोणपाट घालून, मावळे मांडून, अळीव पेरून सगळं करतात, कोणी शिकवावं लागत नाही. तेच हात गोदी करू शकतात. आम्ही मागच्या वर्षी वर्गात मागच्या दोन बाकांवर व्हिक्टोरिया डॉक केला, विटांचा धक्का, निळ्या प्लास्टिकचं पाणी, बुटांच्या खोक्याचं जहाज, आणि त्या खोक्याला आडवे पुठ्ठे लावून मजले केले. मग काडेपेट्या घेतल्या, रिकाम्या बरं का, त्यांच्यावर कागद चिकटवून लिहिलं, कापूस, दारूगोळा, तेल, गंधक, सोनं, लाकूड, खत. पोरांना सांगितलं की युद्ध चालू आहे, जहाजं कमी आहेत, एवढा सगळा माल ह्याच एका जहाजात गेला पाहिजे, भरा. पहिल्यांदा पोरांनी फार विचार करून कापूस एका टोकाला आणि दारूगोळा दुसऱ्या टोकाला ठेवला, मग मी आणखी काडेपेट्या दिल्या, मग आणखी, जागा संपली, आणि शेवटच्या दहा पेट्या त्यांनी जिथे सापट दिसली तिथे कोंबल्या. एक मुलगा थांबला, म्हणाला, मॅडम, हे कापसाच्या डोक्यावर बॉम्ब आले की. मी काहीच बोलले नाही. वर्गात क्षणभर एकदम शांत झालं. मी तासभर बोलून जे समजावू शकले नसते ते त्या एका सापटीत कोंबलेल्या काडेपेटीने समजावलं, की त्या जहाजावर कोणी राक्षस नव्हता, साध्या माणसांनी घाईत, नियम थोडे बाजूला ठेवून, एकेक गोष्ट केली आणि सगळ्याची मिळून ही आग झाली. जहाज पेटलं कशाने ते पक्कं ठरलं नाही, कोणीतरी टाकलेली सिगारेट असावी असा अंदाज केला जातो, पण पेटल्यावर ते शहरावर फुटलं कशामुळे ते ह्या खोक्यात नीट दिसतं.

दुसरा प्रयोग कापसाचा. पोरं सारखी विचारत होती की दोन तास पाणी मारत होते तर विझली का नाही. जहाजावर ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं होतं. ९०० टन म्हटल्यावर कोणाच्याच डोळ्यासमोर काही येत नाही, पण आमच्या एरियात उन्हाळ्यात टँकर येतो, दहा हजार लिटरचा, म्हणून टँकरात मोजलं, ९ लाख लिटर म्हणजे ९० टँकर. तेव्हा पोरांचे डोळे मोठे झाले. मग मी कापूस आणला आणि पहिल्या दिवशी प्रयोग साफ फसला, कारण मी मेडिकलमधला कापूस आणला होता आणि तो पाण्यात टाकला की लगेच भिजून तळाला बसायचा, पोरं म्हणाली विझली की मॅडम. दुसऱ्या दिवशी गादीवाल्याकडून साधा न धुतलेला कापूस आणला. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो, पाणी त्याच्यावरून घरंगळतं, मेडिकलच्या कापसावरचा तो थर काढून टाकलेला असतो. मुठीएवढा कापूस दाबून दाबून सुतळीने करकचून बांधला, छोटी गासडीच केली, आणि निळी शाई घातलेल्या बादलीत मधल्या सुट्टीभर बुडवून ठेवला. सुट्टीनंतर एका मुलीने सुतळी सोडली, वरून निळा, आणि उलगडत गेलो तसा आत पांढरा शुभ्र, कोरडा. ती मुलगी बोट लावून म्हणाली, आत अजून आग आहे. तो फोटो माझ्याकडे नाहीये कारण मला काढायचंच सुचलं नाही, पण तो पांढरा गोळा आणि निळं झालेलं तिचं बोट माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

वेळेचा दोरा पण करून बघा. लांब सुतळी घ्यायची, दुपारी दोनपासून दर दहा मिनिटांना एक गाठ, चार वाजून सहा मिनिटांना लाल चिंधी, चार चौतीसला दुसरी. वर्गाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधायची आणि प्रत्येक गाठीपाशी दोन पोरं उभी करायची, आता तुम्ही काय कराल. जहाज आहे तिथेच बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं ह्यावर तेव्हा धक्क्यावर बोलणी झाली पण शेवटपर्यंत एक निर्णय झाला नाही, कारण सगळ्यांच्या वर शेवटचा शब्द कोणाचा तेच ठरेना. माझ्या वर्गात पण अगदी तसंच झालं, तिसऱ्या गाठीवरचा मुलगा म्हणाला बाहेर न्या, चौथ्यावरची म्हणाली नाही बुडवा, पाचव्यावरचे दोघं भांडायला लागले, तेवढ्यात दोरा लाल चिंधीपाशी पोचला. जहाज सोडायचा हुकूम ३:५० ला निघाला. लाल चिंधीपासून सोळा मिनिटं मागे. ती जागा पोरांनी स्वतः बोटाने मोजली.

नकाशाचं काम तर गणिताच्या तासाला पण होतं. शहराचा नकाशा, गोदीवर कंपासचं टोक, स्केलप्रमाणे १२ किलोमीटरचं वर्तुळ, कारण एवढ्या लांबपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या असं सांगतात. वर्तुळ वांद्र्याच्या आसपास जातं. मग प्रत्येकाने आपलं घर, आजोळ, शाळा टिंबाने दाखवायची. आमचं वर्तुळ काढल्यावर शाळा बरीच आत आली आणि पोरं आपोआप खिडक्यांकडे बघायला लागली.

आता तुमच्या क्षेत्राचा प्रयोग सांगते. युद्ध असल्यामुळे बातमीवर सेन्सॉर होतं. जपान्यांच्या ताब्यातल्या, व्हिएतनाममधल्या सायगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी जगाला सांगितली आणि इथे सविस्तर छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. पोरांनी १५ एप्रिलच्या पेपरची बातमी लिहायची, काय झालं, कुठे झालं, किती गेले, कोण शोधतंय, आणि मग मी जाड काळा मार्कर घेऊन त्यातली जहाजाचं नाव, ठिकाण, आकडा, दारूगोळा हे सगळं खोडायचे. उरलेलं मोठ्याने वाचायचं. एका मुलाच्या बातमीत शेवटी फक्त 'काल दुपारी मोठा आवाज झाला' एवढंच राहिलं. तो चिडला, म्हणाला ज्याचा भाऊ तिकडे कामाला होता त्याने हे वाचून काय करायचं? हा प्रश्न सातवीतल्या पोराला पडतो ह्यापेक्षा जास्त इतिहास मला शिकवता येत नाही.

सोन्याबद्दल जरा सावध राहायला हवं असं अनुभवाने सांगते. सोन्याच्या विटा उडाल्या हे ऐकलं की पोरांना दुसरं काही ऐकूच येत नाही. एक वीट लांबवर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली, नंतर कित्येक वर्षं, अगदी २०११ पर्यंत, गाळ काढताना विटा सापडत राहिल्या, हे सगळं खरं आहे आणि रंगून सांगण्यासारखं आहे. १२४ गुणिले १२.७ किलो करून घ्या, आजच्या भावाने किंमत काढा, पोरं कधी नव्हे ते गुणाकार आवडीने करतात. पण मी नंतर लगेच विचारते की सोन्याच्या विटा किती होत्या ते आपल्याला नगावर माहिती आहे, मग माणसं किती गेली ह्याचे आकडे वेगवेगळे का? माल वाहणारे हमाल, धक्क्यावरचे रोजंदारीवाले, गोदामाच्या ओट्यावर झोपणारे, ह्यांची नावं कोणाच्या वहीत होती? एका मुलीचे आजोबा गोदीत माथाडी होते, ती घरी जाऊन विचारून आली आणि म्हणाली आजोबा म्हणतात पूर्वी हजेरीला नाव नसायचं, नुसता बिल्ला असायचा.

आठवणी गोळा करायचं काम खरंतर घाईचं आहे. तेव्हा जे सहा-सात वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. माझी आजी गिरगावात चाळीत राहायची, ती सांगायची की मांडणीवरचे पितळेचे डबे धडाधड खाली आले, सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला, शेजारच्या काकू पोरं काखेला मारून जिन्याने खाली पळाल्या आणि खाली गेल्यावर आकाशात काळा ढग दिसला आणि हवेत जळक्या गव्हाचा वास, तो वास किती तरी दिवस जाईना. आजी गेली, मी तेव्हा नीट लिहून घेतलं नाही ह्याची मला फार हळहळ आहे. आज पोरांच्या हातात मोबाईल आहे, बिल्डिंगमधल्या एखाद्या आजोबांसमोर धरला, दहा मिनिटं रेकॉर्ड केलं की झालं, प्रश्न पाचच असावेत, तुम्ही कुठे होता, काय ऐकू आलं, कोणी काय सांगितलं, घरात काय केलं, नंतर कशाचा वास येत होता. वासाचा प्रश्न नक्की विचारा, म्हाताऱ्या माणसांना वास विचारला की आठवणी धबधब्यासारख्या येतात.

एक चूक माझ्याकडून झाली ती पण लिहिते, दुसऱ्या कोणा शिक्षकाकडून होऊ नये म्हणून. पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात पोरांना 'स्फोट झाला, पळा' असा प्रवेश करायला लावला, आरडाओरडा, बाकांखाली लपणं वगैरे. एक मुलगी मधेच उठून बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. तिच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी सिलिंडर फुटून झोपड्या जळल्या होत्या, तिचं घर त्यात गेलं होतं, आणि मला, तिच्या वर्गशिक्षिकेला, हे माहिती नव्हतं. त्या दिवसापासून मी किंचाळण्याचे प्रवेश बंद केले. आधी पालकांना चिठ्ठी पाठवते, घरात कोणी आगीतून गेलंय का विचारते, आणि सुरुवात बंबवाल्यांपासून करते, कोण आलं, काय केलं, कसं केलं. त्या मुलीला नंतर मीच विचारलं की तुला काय करायला आवडेल, तिने भायखळ्याच्या स्मारकाचं चित्र काढलं आणि खाली ६६ छोटी हेल्मेटं, मोजून.

आणि शेवटचं काम म्हणजे आपली स्वतःची इमारत बघणं. पोरांना जोड्या करून वही-पेन देऊन शाळाभर फिरवलं, बाहेर पडायचे रस्ते किती, जिन्यात काय ठेवलंय, आग विझवायच्या नळकांड्यावर तारीख कोणती आहे. ही माझी शाळा नव्हे, मी दोन वर्षं दुसऱ्या एका शाळेत होते तिथली गोष्ट. मागच्या जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप. पोरांनी विचारलं किल्ली कोणाकडे, तर शिपाईमामांकडे, आणि शिपाईमामा कुठे, तर चलन भरायला बँकेत. जिन्यात तुटकी बाकं, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पोरांनी सगळं लिहून काढलं आणि सुवाच्य अक्षरात कार्यालयात नेऊन दिलं. मला बोलावून सांगण्यात आलं की हा विषय अभ्यासक्रमात नाही, पुन्हा असले उद्योग नकोत. फायर ड्रिल झाल्याची सही मात्र दर सहा महिन्यांनी रजिस्टरवर होत होती, घंटा वाजवायची, खालच्या दोन वर्गांना मैदानात उभं करायचं, फोटो काढायचा आणि आत.

आता तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत इतरांकडे मागणं आहे. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, ती असायलाच हवी, पण त्यामुळे अग्निशमन दिन शाळेत कधी येतच नाही, आणि पुढचा आठवडा परीक्षांच्या गडबडीत जातो. फायर ब्रिगेडने शाळांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये एक आठवडा ठेवावा, पोरांना भायखळ्याचं स्मारक बघू द्यावं, नावं वाचू द्यावीत, एखाद्या जवानाशी बोलू द्यावं. गोदीत सुरक्षेमुळे आत सोडत नाहीत हे समजू शकते, पण बंदर प्राधिकरणाने वर्षातून एक दिवस तरी शिक्षकांसोबत पोरांच्या छोट्या तुकड्या आत न्याव्यात. आणि तुमच्याकडे, किंवा मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांकडे, १९४४ च्या मे महिन्यातले मराठी अंक असतील तर त्यातली ती पानं शाळांना वापरता येतील अशी स्वच्छ छापून द्या, पुरवणीत दिलीत तरी चालेल. सेन्सॉरचा प्रयोग मी माझ्या मार्करने करते, पण खरी पानं हातात आली तर पोरांना शोधता येईल की तेव्हा काय छापलं गेलं आणि काय नाही.

पानं छापणार असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा, सातवीचं वेळापत्रक तेव्हाच लागतं आणि मला त्यात बुधवारचे शेवटचे दोन तास राखून ठेवता येतील.

आपली,
एक शिक्षिका, परळ, मुंबई